आत्याच्या सेंटरला दिलेले गुण

हे लिहायचा मला अधिकार आहे की नाही, ते मला सांगता येत नाही. आमच्या घरात अर्ज आणि शाळेतले निबंध सोडून कुणी काही लिहिलेलं नाही. बाबा नववीपर्यंत शिकले, आई सातवीपर्यंत. कॉलेजात जाणारा मीच पहिला, आणि तेही संख्याशास्त्र घेऊन, म्हणजे वाक्यांशी माझा फारसा संबंध नाही. शिवाय हे माझ्या चुकीबद्दल आहे. आपल्या चुकीबद्दल लिहिताना माणूस नकळत स्वतःला थोडं बरं करून दाखवतो. तसं कुठे झालं असेल तर वाचणाऱ्यांनी मला माफ करावं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांतच ती विधवा झाली आणि गावाहून भोईवाड्यातल्या आमच्या खोलीत परत आली. पुढे तिने महापालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून नोकरी केली. आई कामाला जायची, त्यामुळे मला वाढवलं ते आत्याने. कॉलेजच्या प्रवेशाच्या रांगेत बाबांना सुट्टी मिळाली नाही म्हणून तीच माझ्याबरोबर उभी होती. फॉर्मवर पालकाची सही करायची जागा आली तेव्हा तिने पेन हातात घेतलं, आणि मग मला विचारलं, "माझी चालात मां?"

मागच्या हिवाळ्यात आमच्या चाळीच्या गॅलरीत ती घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. परळच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं, ते नीट झालं. पण घरी पाठवताना डॉक्टरांनी बाबांना विचारलं, "संडास घरात आहे का?" बाबा म्हणाले, "नाही, गॅलरीच्या टोकाला." "किती लांब?" बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "अकरा खोल्या सोडून." डॉक्टरांनी फाइल मिटली. मग म्हणाले की निदान सहा आठवडे हिला उठवायला, कुशीवर वळवायला, ड्रेसिंग करायला चोवीस तास माणूस हवं. तुमच्यापैकी घरी कोण असतं?

घरी कुणीच नसतं. बाबा सिक्युरिटीत शिफ्टवर, आई एका ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, मी कॉलेजात. मग डॉक्टरांनीच सांगितलं की अशा पेशंटना ठेवून घेणारी नर्सिंग होम असतात, दादरला आहेत, परळला आहेत, बघून घ्या.

आमच्या चाळीत नर्सिंग होम म्हटलं की बाळंतपणाचं हॉस्पिटल. शेजारच्या काकींनी आईला विचारलं, "वन्संना नर्सिंग होममध्ये? या वयात? आम्हाला पेढे कधी?" आई पण हसली. मग खोलीत येऊन पदर तोंडाशी धरून बसली. तेव्हापासून आम्ही सगळे त्या जागेला सेंटर म्हणायला लागलो.

त्या संध्याकाळी बाबा मला म्हणाले, "तू जाऊन बघून ये. आम्हाला काय कळणार त्यातलं? तू शिकलेला आहेस. तू सांगशील तिथे ठेवू."

मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. पण मला काही कळत नाही असं बाबांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. त्यांनी माझ्या शिक्षणावर इतकी वर्षं ठेवलेला विश्वास पहिल्यांदाच कामाला येत होता.

मग मला जे येतं ते मी केलं. मी एक फॉर्म तयार केला. वीस प्रश्न, प्रत्येकाला पाच गुण. फरशी स्वच्छ आहे का? वास येतो का? किती पेशंटमागे किती मावशा आहेत? (तिथल्या आयांना सगळे मावशी म्हणतात.) दर दोन तासांनी कुशीवर वळवतात का? पाठीला जखमा झालेले पेशंट आहेत का? डॉक्टर रोज येतात का? नोंदवही आहे का, ती रोज भरतात का? बाबांनी तो फॉर्म दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि कामावर दाखवायला घेऊन गेले. मला दुसरी प्रिंट काढावी लागली.

मी तीन सेंटर बघितली. पहिल्यात शिरताक्षणीच लघवीचा वास आला. तिथे मी पाच मिनिटंही थांबलो नाही.

दुसरं लालबागला होतं, तसं बरं होतं. पण मी होतो तेव्हा जेवणाची वेळ होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांची हनुवटी एका मावशीने डाव्या हाताने घट्ट धरली होती आणि उजव्या हाताने ती पेजेचा चमचा त्यांच्या तोंडात घालत होती. ते मान हलवत होते. पेज गळ्यावरून सदऱ्यात जात होती. "गिळा बाबा, गिळा, मला अजून सहा जण आहेत," असं ती म्हणत होती. ती चिडलेली नव्हती, नुसती घाईत होती. पण त्या गृहस्थांचे डोळे माझ्यावर होते, आणि मला ते आत्याचे डोळे वाटले. बाहेर येऊन फुटपाथवर उभ्याउभ्याच मी फॉर्ममधला बारावा प्रश्न खोडून त्याच्या जागी नवा लिहिला: खाण्यापिण्याची जबरदस्ती करतात का?

तिसरं सेंटर दादरला, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट होती. खिडक्या मोठ्या होत्या. इनचार्ज सिस्टर साठीच्या आसपासच्या, जुन्या मुंबईतल्या ख्रिश्चन बाई, गळ्यात बारीक क्रॉस, आवाज खणखणीत. मी फॉर्म काढला तेव्हा त्या हसल्या. "बस, बस. परीक्षा घ्यायला आला काय? घे. मी पण बघते पास होते काय ते."

त्यांनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. नोंदवही समोर ठेवली. निळ्या शाईत आखलेले रकाने, प्रत्येक पेशंटची सकाळ, दुपार, संध्याकाळ. बाराव्या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "जबरदस्ती? कधीच नाय. आमी विचारतो. पेशंट बोलला नको, तर नको. म्हातारं माणूस झालं म्हणून काय झालं, त्याची पण मर्जी असते ना."

मी पाचपैकी पाच गुण दिले. नोंदवहीलाही पाच. एकूण शंभरपैकी सत्त्याऐंशी झाले.

बाबांनी आकडा बघितला. "म्हणजे डिस्टिंक्शन," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी आत्याला तिथे नेलं.

भेटायची वेळ चार ते साडेपाच होती. मी मंगळवारी आणि रविवारी जायचो, रविवारी आई-बाबाही यायचे. आई डब्यात आत्याच्या आवडीचं काहीतरी आणायची, मंगळवारी माझ्याबरोबर पाठवायची, कधी घावणे, कधी माशांचं तिखलं. आत्या म्हणायची, "नको गो, आत्ताच जेवलंय." आई म्हणायची, "दोन घास." आत्या म्हणायची, "नाय गो, पोट भरला." तोवर आईने ताट वाढून तिच्या मांडीवर ठेवलेलं असायचं, आणि आत्या सगळं संपवायची. मग पेलाभर पाणी. आम्हाला बरं वाटायचं. बाबा परतताना जिन्यात म्हणायचे, "जेवते चांगली. इथली हवा मानवली."

मी दर रविवारी फॉर्म पुन्हा भरत होतो. हे सांगायला मला लाज वाटते, पण ते मला आवडायला लागलं होतं. चादर बदललेली असायची. पाठीला जखम नव्हती. ड्रेसिंग कोरडं. दुसऱ्या रविवारी गुण एकोणनव्वद झाले.

त्याच सुमाराला मला भीती वाटायला लागली होती. कशाची ते सांगता येत नव्हतं. आत्याच्या हातातली एकच स्टीलची बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. तिचे ओठ पांढरे पडून त्यांना भेगा गेल्या होत्या. एका मंगळवारी ती बोलता बोलता मधेच गप्प झाली आणि मला म्हणाली, "घंटा झाली काय रे?" मी म्हणालो, "कसली घंटा?" ती हसली. "काय नाय. डोळो लागलो वाटता."

मी विचारलं, "आत्या, इथे त्रास काही आहे का? खरं सांग."

"हय सगळा बरा आसा. तू अभ्यास कर."

मी फॉर्म काढून बघितला. बांगडीसाठी त्यात प्रश्न नव्हता. ओठांसाठीही नव्हता. ऑपरेशननंतर माणूस वाळतंच, असं मी स्वतःला समजावलं. रात्री झोप लागायची नाही, तेव्हा मी मनातल्या मनात गुणांची बेरीज करायचो. बेरीज चांगली यायची, आणि तरी मी ती पुन्हा करायचो.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी शेवटची दोन लेक्चर्स झाली नाहीत, म्हणून मी तीन वाजताच सेंटरवर गेलो. वेळ झालेली नव्हती, पण दारावरच्या माणसाने ओळखीमुळे आत सोडलं. आत्याची खाट टोकाला, खिडकीजवळ. मी वॉर्डच्या दाराशी चपला काढत होतो तेवढ्यात चहाची ट्रॉली माझ्या बाजूने आत गेली. एक मावशी ती ढकलत होती. मी मुद्दाम थांबलो नाही. ट्रॉली पुढे होती म्हणून थांबलो.

ती प्रत्येक खाटेशी थांबायची. "आजी, चाय?" कुणी हात पुढे करायचं, कुणी मान हलवायचं. आत्याच्या खाटेशी ती आली.

"आजी, चाय?"

"नको," आत्या म्हणाली.

"पाणी?"

"नको बाय."

मावशीने खाटेला लटकवलेल्या कागदावर नोंद केली आणि ट्रॉली वळवली. हे सगळं होईपर्यंत तिने कप हातात घेतलासुद्धा नव्हता. तिने वाईट असं काहीच केलं नव्हतं. तिने नीट विचारलं होतं. आणि आत्या उशीवरून मान थोडी उचलून त्या ट्रॉलीकडे बघत होती. ती पलीकडच्या खाटेशी गेली तेव्हाही, तिच्या पुढच्या खाटेशी गेली तेव्हाही. ट्रॉली दाराबाहेर जाईपर्यंत आत्याची नजर तिच्यावरून हलली नाही. मग तिने मान खाली ठेवली.

आमच्या चाळीत कुणाच्या खोलीत गेलं की ते चहा विचारतात, आणि आपण नको म्हणायचं असतं. पुन्हा विचारतात, आपण म्हणायचं, आत्ताच घेतला. तिसऱ्यांदा कुणी विचारत नाही, कप सरळ समोर येतो, आणि मग तो घ्यायचा. पहिल्याच वेळी हो म्हणणारं मूल हावरट ठरतं. हे मला आत्यानेच शिकवलं होतं. मी पाच वर्षांचा असताना काकींच्या खोलीत लाडवासाठी लगेच हात पुढे केला, तेव्हा तिने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की दोन दिवस वण होता.

म्हणजे आत्या तीन आठवडे नको म्हणत होती, आणि पुढचं विचारायला कुणी थांबत नव्हतं.

मी खाटेला लटकवलेला कागद हातात घेतला. चहा: नको. पाणी: नको. भात अजून: नको. पेज: नको. पोटात जात असेल ते ताटात पहिल्यांदा वाढलेलं आणि औषधांबरोबरचं घोटभर पाणी, एवढंच. तारखेखाली तारीख, सुंदर अक्षरात. हाच कागद रोज संध्याकाळी त्या नोंदवहीत उतरत होता, जिला मी पाच गुण दिले होते. मधूनमधून मंगळवार आणि रविवारच्या रकान्यात लिहिलं होतं: नातेवाइकांनी दिलं, सर्व घेतलं.

"आत्या, तुला तहान लागलीय ना?"

"नाय रे."

"आत्या, पाणी देतो."

"नको. पाणी पिला की मग त्यांका डायपर बदलूक सांगूक लागता. पोरी बिचाऱ्यो किती करतले."

मी पेल्यात पाणी ओतलं आणि काही न विचारता तिच्या ओठांना लावलं. ती अर्धा पेला घटाघट प्यायली, मग ठसका लागला, आणि मग तिने माझ्याकडे बघून मला बाबांच्या लहानपणच्या नावाने हाक मारली. "शाळेत गेलंस नाय आज?" असं विचारलं. मी तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली.

मी सिस्टरांच्या टेबलापाशी गेलो.

"सिस्टर, माझ्या आत्याला तीनदा विचारावं लागतं."

"काय विचारावं लागतं?"

"काहीही. चहा, पाणी. ती पहिल्यांदा नकोच म्हणते. आमच्याकडे तशी पद्धत आहे. तिला हवं असतं."

"तीनदा? अरे, बावीस पेशंट हायत माझ्याकडे." त्या हसायला लागल्या होत्या, पण माझ्याकडे बघून थांबल्या. उठल्या, आत्याजवळ गेल्या, डोळ्यांखालची त्वचा ओढून बघितली, जीभ बघितली, नाडी धरली. मावशीला विचारलं, "सकाळपासून डायपर किती वेळा बदलला?" मावशी म्हणाली, "एकदा पण नाय, सिस्टर. कोरडाच हाय. मी खूश होते, म्हातारी त्रास देत नाय."

सिस्टरांचा चेहरा बदलला तो मी बघितला. त्यांनी फोन उचलला. मला म्हणाल्या, "बाबांना बोलव. डॉक्टरला मी सांगते. तू घाबरू नको." पण त्यांनी स्वतःच दोनदा चुकीचा नंबर लावला.

अँब्युलन्सने तिला परळच्या त्याच हॉस्पिटलमध्ये नेलं. शरीरातलं पाणी इतकं कमी झालं होतं की किडन्यांनी काम थांबवलं होतं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी मला विचारलं, "रोज साधारण किती पाणी जात होतं पोटात? काही रेकॉर्ड?" माझ्या बॅगेत तीन फॉर्म होते. फरशी, वास, खिडक्या, वागणूक, सगळ्याचे गुण होते. मी म्हणालो, "माहीत नाही." ते म्हणाले, "सलाइन लावलंय. लघवीसाठी नळी घातलीय. उद्या दुपारपर्यंत लघवी सुरू झाली तर ठीक. नाही झाली तर डायलिसिसचा विचार करावा लागेल, आणि त्यांचं वय बघता..."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाटेजवळ उभा होतो. नळीच्या टोकाची पिशवी खाटेखाली लटकत होती, सपाट, तळाशी चहाच्या रंगाचे दोनचार थेंब. मी दर पाच मिनिटांनी वाकून बघत होतो. शेजारच्या पेशंटची बायको शेवटी म्हणाली, "बघून नाही येत ती, भाऊ. बसा जरा." आत्या झोपेत बडबडत होती. काही शब्द लागायचे: चल, रांगेत, हात पाठी.

आत एकालाच थांबू देत होते, म्हणून बाबा आले तेव्हा मी त्यांना जिन्यात गाठलं. मला ते सांगितल्याशिवाय राहवेना.

"बाबा, त्या प्रश्नाला मी पाच मार्क दिले होते. जबरदस्ती करत नाहीत म्हणून. तो प्रश्न मीच लिहिला. नाहीतर ती लालबागला असती, आणि तिथे त्यांनी भरवलं असतं."

बाबा कठड्याला टेकून उभे होते. रात्रपाळी करून तसेच आले होते, युनिफॉर्मवरच.

"ती एका हाकेत कधी काय घेते?" ते म्हणाले. "मला माहीत नव्हतं? तुझ्या आईला माहीत नव्हतं? पण कुणाला सांगायचं असतं असं वाटलंच नाही. पाणी ओलं असतं, हे कुणी जाऊन सांगतं का?"

"पण तुम्ही माझ्यावर सोडलं होतं."

"हां. सोडलं होतं." त्यांनी युनिफॉर्मचं वरचं बटण सोडलं. "तू बघायला तरी गेलास. मी नुसता आकडा वाचला." मग खिशातून चावी काढून माझ्या हातात दिली. "घरी जा. तिच्या ऑपरेशनची फाइल कपाटावर आहे, ती मागतायत. आणि अंघोळ कर. वास मारतोयस."

मी चालत निघालो. हॉस्पिटलपासून भोईवाडा लांब नाही, पण त्या दिवशी मला सिग्नलला थांबल्याचंही आठवत नाही. चाळीच्या जिन्यात काकी भेटल्या. "कशा आहेत रे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "बघू." त्या म्हणाल्या, "चहा टाकते." मी नको म्हणालो, आणि ते तोंडातून गेल्यावर तिथेच पायरीवर बसलो. काकी घाबरल्या. "काय झालं? अरे, काय झालं?"

खोलीत जाऊन मी फाइल शोधली. कपाटावर नव्हती. आत्याच्या पेटीत होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. पेटी उघडी टाकून मी तिच्यासमोर बसून राहिलो, कारण परत गेलो की ती पिशवी पुन्हा बघावी लागणार होती, आणि ती तशीच सपाट असेल तर काय करायचं ते मला माहीत नव्हतं. दीड वाजून गेला होता. डॉक्टर दुपारपर्यंत म्हणाले होते. दुपार कधी संपते, असं मी डॉक्टरांना विचारायला हवं होतं.

फोन वाजला तेव्हा पडद्यावर बाबांचं नाव होतं. मी तो लगेच उचलू शकलो नाही. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला.

"फाइल मिळाली का?" बाबा म्हणाले.

"मिळाली."

"बरं. ऐक." मागे कुणीतरी मोठ्याने बोलत होतं, ट्रॉलीचं चाक करकरत होतं. बाबांचा आवाज मला ओळखू येत नव्हता. "लघवी सुरू झाली. पाव पिशवी आहे. आत्ता डॉक्टर बघून गेले, डायलिसिस करायचं नाही म्हणाले."